एसटीचा डबा आणि टॉर ब्राउझर

मागच्या हिवाळ्यात कापसाची दुसरी वेचणी सुरू होती. दिवसभर सेवा केंद्रात हरभऱ्याच्या पीकविम्याचे अर्ज भरून डोळे चुरचुरत होते, अन् रात्री अकराला भाचीचा फोन आला. ती रशियात एमबीबीएस करते. तिच्याकडे तेव्हा साडेआठ वाजले होते. "मावशे, बीबीसी मराठी लागूनच नाही राह्यलं वो. नुसतं चाक फिरून राह्यलं."

घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावात मी सेवा केंद्र चालवते, म्हणून घरच्यांना वाटतं इंटरनेटची वायर माझ्याच परसातून जाते. पण या वेळी मला माहीत होतं. रशियाने मार्च २०२२मध्ये बीबीसीची साइट बंद केली, फेसबुक आणि इन्स्टाग्रामही त्याच महिन्यात. मराठी पानं त्याच पत्त्याखाली येतात, म्हणून तीही गेली. बीबीसी मराठीने रशियाचं काही बिघडवलेलं नाही. फाटक बंद झालं की बैलगाडीही अडकते आणि मोटारही.

त्या रात्री मी तिला फोनवर जे सांगितलं, आणि नंतर गावातल्या दोन-तीन पोरांना समोर बसवून जे शिकवलं, ते इथे लिहिते. कुलूप कुठे लागलंय ते पाहिल्याशिवाय किल्ली शोधायची नाही, हे मात्र आधी. बरीच जणं थेट टॉर, म्हणजे अडवलेल्या साइट उघडणारा आणि आपला माग लपवणारा ब्राउझर, टाकतात, मग "लई स्लो हाय" म्हणून काढून टाकतात. त्यांना टॉरची गरजच नव्हती.

आपल्याकडे एखादी साइट उघडली नाही, तर शंभरात नव्वद वेळा रिचार्ज संपलेला असतो, टॉवरची वीज गेलेली असते किंवा ती साइटच झोपलेली असते. शेजारच्याच्या फोनवर, दुसऱ्या कंपनीच्या सिमवर तीच साइट लावून पाहा. तिथे उघडली आणि तुमच्याकडे नाही, तर कुलूप तुमच्या कंपनीच्या दारात आहे. २०२२ साली एका पोराला व्हीएलसी प्लेअर उतरवायचा होता. साधा व्हिडिओ पाहायचा प्लेअर, पण त्याची मूळ साइट त्याच्या सिमवर लागेना आणि माझ्या सिमवर लागे. आम्ही दोघांनी त्याच्या फोनला शिव्या दिल्या. नंतर कळलं की ती साइट देशात अनेक ठिकाणी खरोखर अडवलेली होती. का, ते कोणी धड सांगितलं नाही. कायदेशीर नोटीस गेल्यावर त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ती पुन्हा उघडली.

हे अडवणं साधारण दोन प्रकारचं असतं. पहिला प्रकार चावडीवर पत्ता विचारण्यासारखा. तुम्ही साइटचं नाव लिहिता, फोन कंपनीच्या वहीत तिचा नंबर विचारतो. त्या वहीला डीएनएस म्हणतात. कंपनी खोटा नंबर देते, किंवा असं काही नाहीच म्हणते. कोतवालाने भलताच धुरा दाखवावा आणि तुम्ही दुसऱ्याच्या वावरात जाऊन उभे राहावं, तसं. यावर उपाय सोपा आहे आणि त्यात टॉर लागत नाही: वही बदला. अँड्रॉइड ९ किंवा त्यापुढचा फोन असेल तर सेटिंगमध्ये नेटवर्कखाली 'प्रायव्हेट डीएनएस' सापडतं. तिथे क्लाउडफ्लेअरचं नाव लिहायचं: 'वन' हा शब्द चार वेळा, मध्ये तीन डॉट. अंकात १ लिहू नका, इंग्रजी अक्षरांतच. गूगलचं हवं असेल तर 'डीएनएस डॉट गूगल'. सेव्ह करा आणि साइट परत लावा. उघडली? मग इथेच थांबा. पुढचं सगळं तुम्हाला लागणार नाही.

दुसरा प्रकार जरा खवट. वही बदलली तरी पाकिटावरचं नाव वाटेत वाचलं जातं. आजकाल साइटशी चाललेलं बोलणं बंद पाकिटात जातं, आत काय आहे ते कंपनीला दिसत नाही, पण पाकीट निघताना साइटचं नाव बहुतेक वेळा उघडंच असतं. कंपनीचं यंत्र ते वाचतं आणि जोडणी तोडतं. भारतातही काही कंपन्या असं करतात. इथे खासगी वही कामाची नाही. इथून पुढे टॉरचं काम सुरू होतं.

टॉर म्हणजे काय, हे पोरांना सांगायला मी कांदा घेऊन बसले होते, कारण नावातच कांदा आहे: 'द ओनियन राउटर', त्यातला ओनियन म्हणजे कांदा. पण गावात पटलं ते डब्याचं उदाहरण. माझा भाऊ नागपूरला होस्टेलात होता तेव्हा आई एसटीच्या कंडक्टरकडे डबा द्यायची. समजा आईने एका पिशवीत दुसरी आणि दुसरीत तिसरी घातली. बाहेरच्या पिशवीवर लिहिलं, 'यवतमाळ स्टँडवर अमक्याला देणे'. यवतमाळच्या माणसाने ती उघडली, आत चिठ्ठी, 'वर्ध्याला तमक्याला देणे'. वर्ध्याच्या माणसाने उघडली, आत तिसरी पिशवी, 'नागपूरला, फलाण्या होस्टेलवर'. आता पाहा. यवतमाळवाल्याला माहीत आहे की डबा आईने दिला, पण तो कुणाला जाणार ते नाही. वर्ध्यावाल्याला माहीत आहे की डबा कुठे टाकायचा, पण तो कुणी पाठवला ते नाही. टॉरमध्ये असे दोन नाही, तीन जण असतात: या दोघांच्या मध्ये आणखी एक. मधल्याला तर दोन्ही टोकं दिसत नाहीत. हे तिघं म्हणजे जगभरच्या स्वयंसेवकांचे कॉम्प्युटर. असे काही हजार आहेत आणि ब्राउझर त्यातून वाट निवडतो. पहिला माणूस मुद्दाम दोन-तीन महिने तोच ठेवतात, बाकीचे दोन बदलत राहतात.

"मंग तो तिसरा माणूस डबा उघडून पाहीन तं?" एका पोट्ट्याने विचारलं. बरोबर विचारलं. शेवटचा माणूस होस्टेलच्या दारात उभा असतो. पिशवीला आतून कुलूप नसेल तर त्याला भाजी दिसते. म्हणून पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस असलेलीच साइट वापरायची. टॉर ब्राउझर स्वतःच त्याचा आग्रह धरतो, आणि तशी साइट नसली तर आधी इशारा देतो. तो इशारा आला की मागे फिरा, पुढे ढकलू नका.

ही कल्पना अमेरिकेच्या नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत १९९०च्या दशकात निघाली. टॉरचं जाळं २००२ साली सुरू झालं आणि ते चालवणारी ना-नफा संस्था, टॉर प्रोजेक्ट, २००६ सालची. नौदलाने स्वतःचं गुपित साधन जगाला फुकट का दिलं, हे मला आधी समजत नव्हतं. कारण सरळ आहे. फक्त नौदलाचेच लोक ते वापरतात म्हटलं, तर ते वापरणारा प्रत्येक जण नौदलाचा, हे कुणीही सांगेल. लपायला गर्दी लागते. हे लक्षात ठेवा, खाली परत लागणार आहे.

आता उतरवणं. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये 'टॉर ब्राउझर' शोधा आणि बनवणाऱ्याचं नाव 'द टॉर प्रोजेक्ट' आहे का ते पाहा. त्याच्यासारखी नावं आणि कांद्याची चित्रं लावून बसलेली बरीच आहेत. आयफोनवर टॉर ब्राउझर नाही, तिथे 'ओनियन ब्राउझर' घ्यायचा. कॉम्प्युटरसाठी संस्थेची साइट: टॉरप्रोजेक्ट डॉट ऑर्ग. फोनवर सांगताना मी 'टी फॉर टमाटर, ओ, आर' असं सांगते, कारण एकदा एकीने 'थोर प्रोजेक्ट' शोधून हातोडीवाल्याचा सिनेमा लावला होता. विंडोज ७वर नवी आवृत्ती चालत नाही, १० तरी लागतं.

व्हॉट्सॲपवर आलेली एपीके, म्हणजे ॲप बसवणारी फाइल मात्र टाकू नका, मग ती सख्ख्या भावाने पाठवलेली का असेना. लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके येते आणि खातं साफ होतं, हे आता प्रत्येक गावाने पाहिलंय. टॉरच्या नावाने ती आली तर विष तेच.

भाचीची अडचण वेगळी होती. तिथे टॉरची साइटच डिसेंबर २०२१पासून बंद. अशा वेळी दोन वाटा. एक, तीच साइट दुसऱ्या ठिकाणी ठेवलेली असते. अमेरिकेतल्या ईएफएफ या संस्थेकडे 'टॉर डॉट ईएफएफ डॉट ऑर्ग' या पत्त्यावर ती आहे. दुसरी, ईमेल. 'गेटटॉर ॲट टॉरप्रोजेक्ट डॉट ऑर्ग' या पत्त्यावर मेल करायचा आणि मजकुरात फक्त आपली प्रणाली लिहायची, विंडोज असेल तर विंडोज. उत्तर यंत्रच देतं, त्यात उतरवायच्या लिंका येतात. नमस्कार-चमत्कार लिहू नका. भाचीने आधी चार ओळींचं अदबशीर पत्र लिहिलं होतं आणि वाट पाहत बसली होती.

ब्राउझर उघडला की 'कनेक्ट'चं बटण दिसतं. भारतात साधारण तेवढं दाबलं की काम होतं. पट्टी भरत जाते, अर्ध्या-एक मिनिटात आपण आत. आमच्याकडे संध्याकाळी टॉवरवर गर्दी झाली की तीन मिनिटंही लागतात. चहा टाका.

पट्टी मध्येच अडकून राहिली तर सगळ्यात आधी घड्याळ पाहा. हे कुणी सांगत नाही आणि मी यात एक पूर्ण दुपार घालवली आहे. घरचा जुना कॉम्प्युटर, आतलं बटण-सेल मेलेलं. वीज गेली की तारीख थेट २००९ची. विदर्भात वीज किती वेळा जाते ते तुम्हाला सांगायला नको. टॉरला वेळ बरोबर लागते. वर्षं, महिने सोडा, काही तासांचा फरक असला तरी तो अडून बसतो. मी ब्राउझर तीनदा काढून टाकला, राउटर बंद-चालू केला, कंपनीला फोन लावला. शेवटी पोराने कोपऱ्यातली तारीख दाखवली. पन्नास रुपयांचं सेल बदललं आणि झालं. फोनवर तारीख-वेळ 'आपोआप' ठेवा म्हणजे हा त्रासच नाही.

घड्याळ बरोबर आहे आणि तरी लागत नाही, म्हणजे टॉरच अडवलंय. टॉरच्या जाळ्यातल्या पहिल्या माणसांची यादी जाहीर असते, त्यामुळे ती उचलून सगळे रस्ते बंद करणं सरकारला जड नाही. चीनमध्ये हे फार पूर्वीपासून आहे. याला तोड म्हणजे ब्रिज: यादीत नसलेला पहिला माणूस. स्टँडवर पोलीस उभे आहेत म्हटल्यावर डबा वावरातल्या वाटेने न्यावा, तसं. सेटिंगमध्ये 'कनेक्शन' किंवा 'ब्रिज' असं लिहिलेल्या भागात जा. तिथे काही नावं तयार असतात.

ओबीएफएस-फोर हा जुना आणि वेगाला बरा. बोलण्याचा असा गोंधळ करून टाकतो की पाहणाऱ्याला ते कशासारखंच वाटत नाही. स्नोफ्लेक मला सगळ्यात आवडतो. तो दुसऱ्या देशातल्या एखाद्या साध्या माणसाच्या ब्राउझरमधून तुम्हाला आत नेतो आणि बाहेरून व्हिडिओ कॉल चालल्यासारखं दिसतं. माणसं येत-जात राहतात, म्हणून मध्येच तुटतो, परत जुळतो. २०२२च्या सप्टेंबरात इराणमध्ये आंदोलन पेटलं तेव्हा याचा वापर एकदम वाढला होता. मीक म्हणजे मोठ्या क्लाउड कंपनीकडे चाललोय असं भासवणारा. सावकाश, पण कधी कधी तोच उरतो. आणि मार्च २०२४मध्ये आलेला वेबटनेल, जो नेहमीची साइट पाहिल्यासारखा दिसतो.

ब्राउझरमध्ये आधीपासून भरलेले ब्रिज सरकारलाही माहीत असतात, कारण सरकारही तोच ब्राउझर उतरवून पाहतं. भाचीचं तसंच झालं. तयार ओबीएफएस-फोर चालेना, स्नोफ्लेक लागला आणि दहा मिनिटांत तुटला. मग तिला स्वतःपुरता ब्रिज मागायला लावला. 'ब्रिजेस ॲट टॉरप्रोजेक्ट डॉट ऑर्ग'वर मेल करायचा, तोही जीमेल किंवा राइजअपच्या खात्यावरूनच. दुसऱ्या खात्याला ते उत्तर देत नाहीत. टेलिग्राम चालत असेल तर तिथेही टॉरचा बॉट आहे. ब्राउझरमध्येच 'ब्रिज मागा' म्हटलं तर एक चित्रातली अक्षरं ओळखायला लावतो आणि देतो. उत्तरात एक लांबलचक ओळ येते. ती जशीच्या तशी, एकही अक्षर न सोडता, 'माझ्याकडचा ब्रिज' या खान्यात चिकटवायची. ओळीच्या शेवटी मोकळी जागा राहिली, तरी कधी कधी घोळ होतो. तिला शेवटी वेबटनेलची ओळ चालली. बीबीसी मराठी उघडलं आणि पहिली बातमी काय पाहिली, तर सोयाबीनचा भाव.

मिळालेली ओळ मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकू नको, हे मी तिला बजावलं. पन्नास जणांच्या ग्रुपात गेली की दोन दिवसांत ती ओळ मेली समजा.

लागलं की नाही ते तपासायला 'चेक डॉट टॉरप्रोजेक्ट डॉट ऑर्ग' उघडा. हिरव्या अक्षरात अभिनंदन आलं की ठीक. खाली कुठल्या तरी भलत्याच देशाचा नंबर दिसेल. घाबरू नका, तो डब्याच्या शेवटच्या माणसाचा.

आता वापरणं. इथे लोक जास्त चुकतात.

फक्त टॉर ब्राउझरच्या आतलं टॉरमधून जातं. बाजूला उघडलेलं क्रोम, व्हॉट्सॲप, फोनवरचं बाकी सगळं जुन्याच रस्त्याने. एका शिक्षकांनी टॉर चालू ठेवून क्रोममध्ये साइट उघडली आणि मला म्हणाले, "ताई, तुमचं यंत्र फेल आहे." यंत्र बिचारं दुसऱ्या खोलीत होतं.

स्वतःच्या खात्याने लॉग-इन केलंत की तुम्ही तुम्हीच. साइटला नाव सांगून मग तोंड झाकण्यात काय अर्थ? अडवलेली साइट उघडायला हे चालतं, निनावी राहायला चालत नाही. तुम्हाला या दोनांपैकी काय हवंय ते आधी ठरवा. भाचीला फक्त बातम्या वाचायच्या होत्या.

बँक, सातबारा, पीएम किसान, परीक्षेचा अर्ज यातलं काहीही टॉरवर करू नका. एकाने हौसेने बँकेचं खातं टॉरमधून उघडलं. सकाळी घाटंजीहून व्यवहार झालेला आणि दुपारी हा माणूस जर्मनीत! बँकेच्या यंत्राने खातं थांबवलं, आणि ऐन खत आणायच्या दिवसांत त्याला दोन चकरा पडल्या. चूक बँकेची नव्हती. आमच्या केंद्रात ज्या कॉम्प्युटरला अंगठ्याचं मशीन लावलंय, त्यावर तर मी टॉर टाकतच नाही. ते यंत्र गावाच्या कामाचं आहे, माझे प्रयोग घरच्या लॅपटॉपवर.

टॉरेंट, म्हणजे लोकांच्या कॉम्प्युटरवरून तुकड्यातुकड्याने फाइल उतरवणं, टॉरवर चालवू नका. ते तुमचा खरा पत्ता सांगून टाकू शकतं आणि सगळ्यांचं जाळंही तुंबवतं. उतरवलेली पीडीएफ किंवा वर्ड फाइल नेट चालू असताना दुसऱ्या ॲपमध्ये उघडू नका. अशी फाइल बाहेरून काही ओढायला गेली तर ती टॉरच्या बाहेरून जाते. ब्राउझरमध्ये आणखी एक्स्टेन्शन, म्हणजे वरून जोडायची छोटी साधनं, भरू नका. कॉम्प्युटरवर खिडकी पूर्ण पडदाभर ताणू नका, कारण पडद्याच्या मापावरूनही माणूस वेगळा काढता येतो. टॉरचा सगळा खटाटोप सर्वांचं तोंड एकसारखं दिसावं यासाठी आहे, तुम्ही त्यावर गोंदण करू नका. सुरक्षेचे तीन स्तर सेटिंगमध्ये आहेत: साधा, जास्त आणि सर्वांत जास्त. सर्वांत जास्त ठेवलं की अर्ध्या साइट मुक्या होतात. बातम्या वाचायला साधा पुरतो. फोनवर स्क्रीनशॉट निघाला नाही तर फोन बिघडला समजू नका, टॉरनेच तो बंद ठेवलेला असतो.

'तुम्ही यंत्र नाही ना' असं विचारणारे चित्रांचे कोडे फार येतील. झेब्रा क्रॉसिंग ओळखा म्हणतात; आमच्या गावातल्या म्हातारीला कोण सांगणार झेब्रा काय अन् क्रॉसिंग काय. कोडं संपेचना तर त्या साइटपुरती वाट बदला, 'न्यू सर्किट' म्हणून पर्याय आहे. शोधायला ब्राउझरमध्ये डकडकगो आधीच असतं, तेच वापरा. काही साइट टॉरच्याच आत स्वतःचं दुकान ठेवतात. बीबीसीने २०१९मध्ये ठेवलं, न्यूयॉर्क टाइम्सने २०१७मध्ये. त्यांचे पत्ते ५६ अक्षरांचे आणि शेवटी 'डॉट ओनियन'. असा पत्ता हाताने लिहू नका आणि फॉरवर्डमधून घेऊ नका. मूळ साइटवरूनच घ्या. एक अक्षर बदललेलं कुणाच्या डोळ्याला दिसणार आहे?

आता गर्दीचं. तुम्ही टॉरवर काय पाहता ते कंपनीला दिसत नाही, पण तुम्ही टॉर वापरताय हे ब्रिज नसेल तर दिसतं. डिसेंबर २०१३मध्ये हार्वर्ड विद्यापीठात परीक्षा टाळायला एका विद्यार्थ्याने बॉम्बची खोटी धमकी मेल केली, टॉरमधून. पोलिसांनी टॉर फोडलं नाही. त्या वेळी विद्यापीठाच्या नेटवर टॉर कोण वापरत होतं एवढंच पाहिलं, त्याच्या खोलीवर गेले, आणि त्याने कबूल केलं. विद्यापीठात तरी हजारो पोरं होती. अकराशे वस्तीच्या गावात, एका टॉवरखाली, रात्री दोन वाजता टॉर वापरणारी मी एकटीच असेन तर मी किती लपले? यात्रेत माणूस हरवतो, रिकाम्या बाजारात नाही.

म्हणून ज्याच्या जिवावर बेतलंय, म्हणजे कुणाविरुद्ध तक्रार द्यायची आहे, कुणाचं बिंग फोडायचं आहे, त्याने या लेखावर विसंबू नये. तालुक्याच्या बाहेर जावं, जाणकार माणूस गाठावा.

कायद्याचं थोडक्यात. मी वकील नाही, पण रोज लोक विचारतात. टॉर ब्राउझर वापरणं हा गुन्हा आहे असं सांगणारा कायदा भारतात नाही. त्यातून केलेला गुन्हा मात्र गुन्हाच. सट्ट्याची साइट लावून दे म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी चहा पाजून परत पाठवते. साइट बंद करण्याचा अधिकार सरकारला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अखाली आहे. २००९च्या नियमांनी ही प्रक्रिया गोपनीय ठेवली आहे, त्यामुळे साइट का बंद झाली हे वाचणाऱ्याला बहुधा कळतच नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५मध्ये त्याच कायद्याचं कलम ६६अ, नेटवर 'आक्षेपार्ह' लिहिलं म्हणून पकडणारं, रद्द केलं, पण ६९अ कायम ठेवलं. व्हीपीएनचं, म्हणजे आपलं नेट एका कंपनीच्या सर्व्हरमधून फिरवून नेणाऱ्या सेवेचं, वेगळं आहे. एप्रिल २०२२च्या आदेशाने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नोंद पाच वर्षं ठेवायला सांगितलं, आणि त्यावर काही मोठ्या कंपन्यांनी आपले सर्व्हर भारतातून हलवले. जम्मू-काश्मीरच्या काही जिल्ह्यांत जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी व्हीपीएनवर बंदीचे आदेशही काढलेत. तिकडे ट्रक घेऊन जाणाऱ्यांनी तेवढं विचारून घ्यावं.

परदेशातल्या पोरांनी तर त्या देशाचा कायदा आधी पाहावा. रशियात १ सप्टेंबर २०२५पासून सरकारने 'अतिरेकी' ठरवलेला मजकूर जाणूनबुजून शोधला तरी दंड आहे, आणि त्या यादीत काय बसेल याचा नेम नाही. भाचीला मी सांगितलं, मराठी बातम्या वाच, तिथल्या राजकारणात बोट घालू नको. ती व्हिसावर आहे, तिथली नागरिक नाही. तिला राग आला. "मावशे, तू तं बापासारखी बोलून राह्यली." येऊ दे.

आणि नेटच बंद असेल तर टॉर काही करू शकत नाही. नोव्हेंबर २०२१मध्ये अमरावतीला संचारबंदी लागली आणि इंटरनेट तोडलं, तेव्हा माझी बहीण तिकडे होती. लोक विचारत होते, टॉर टाकलं तर चालेल का? रस्ताच खणून टाकलाय, तिथे गाडी कुठली का असेना. अशा दिवसांसाठी आधीच तयारी करावी लागते. किविक्स नावाच्या ॲपमध्ये विकिपीडिया उतरवून ठेवता येतो, मराठीसुद्धा. नेटशिवाय वाचता येतो. ब्रायर हे ॲप जवळच्या जवळ ब्लूटूथ आणि वायफायवरून निरोप पोचवतं, पण ते दोघांच्याही फोनमध्ये आधीपासून हवं. नाहीतर साधा फोन आणि एसएमएस चालू आहे का ते पाहा. बहुतेक वेळा फक्त डेटा तोडलेला असतो.

शेवटचं काम तुमच्याकडून हवंय, त्यात धोका जवळपास नाही. मी वर स्नोफ्लेक सांगितला, तो चालतो दुसऱ्या देशातल्या माणसांच्या ब्राउझरवर. तो माणूस आपणही होऊ शकतो. घरी वायफाय असेल तर फायरफॉक्स किंवा क्रोममध्ये 'स्नोफ्लेक' नावाचं एक्स्टेन्शन टाका आणि चालू करा, बस. तुम्ही डब्याचे शेवटचे माणूस होत नाही, फक्त पोरगं फाटकापर्यंत सोडून देणारे. पुढच्या साइटला तुमचा पत्ता दिसत नाही. मोबाइल डेटावर करू नका, पैसे जातील आणि मोबाइल कंपनीच्या जाळ्यामागून ते नीट जुळतही नाही. राउटरवरच्या लाइनला महिन्याची मर्यादा असेल तर रात्रीच चालू ठेवा. ब्राउझर बंद केला की तेही बंद.

माझा लॅपटॉप ओट्यावर, पाण्याच्या माठाशेजारी असतो. एक्स्टेन्शनवर टिचकी मारली की गेल्या २४ तासांत किती जणांना वाट दिली तो आकडा दिसतो. पहिल्या दिवशी शून्य. दुसऱ्या दिवशीही शून्य, म्हणून मी परत तारीख तपासली. तिसऱ्या दिवशी ४. कोण, कुठले, काय वाचत होते, मला कळायचा मार्ग नाही. सासूबाईंनी विचारलं, "कायचा आकडा पाह्यतं वो?" म्हटलं, पाहुणे मोजते. त्यांनी आत पाहिलं, कुणी नव्हतं, आणि त्या कापूस निसायला निघून गेल्या. संध्याकाळी वीज गेली तेव्हा तो ७वर होता.